वाघीण उलटी धरून जोडायची असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेहुण्यांनी अमेरिकेहून येताना मॉडेल रेल्वेचे, ॲक्युरेल कंपनीच्या ४० फुटी बॉक्सकारचे (बंद मालडब्याचे) दोन किट आणले, एचओ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या १:८७. पहिलं एका रविवारात जोडून झालं. दिसायला झकास, पण वळणावर रुळावरून उतरतं आणि गाडी जरा लांब झाली की पुढच्या डब्यापासून सुटतं. आता दुसरी पेटी उघडायला हात धजत नाही. चुकलं कुठे, आणि दुसरीला सुरुवात कुठून करू?

आधी हे सांगतो की तुमचं पहिलं किट वाया गेलेलं नाही, एका संध्याकाळीत दुरुस्त होईल. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: छतावरची फळी आणि ब्रेकचं चाक आधी लावलं, बोग्या शेवटी. जवळपास सगळे नवशिके असंच करतात, मीही केलं होतं. पेटीवरचं चित्र बाजूने काढलेलं असतं, त्यामुळे डोळ्यांना वरचंच दिसतं. पण वाघिणीचं, म्हणजे मालगाडीच्या डब्याचं, सगळं भलंबुरं तिच्या पोटाखाली ठरतं. चाकं, वजन आणि कपलर (डबे एकमेकांना जोडणारा आकडा) या तीन गोष्टी जमल्या की बाकीचं कधीही करता येतं. त्या फसल्या तर वरचं कितीही सुबक काम केलंत तरी ती वाघीण कपाटातच बसणार. म्हणून दुसरं किट उलटं धरून जोडायला घ्या.

शब्दांचा एक घोटाळा इथेच मिटवतो. आपल्याकडे आख्ख्या डब्यालाच बोगी म्हणायची सवय आहे. खरं तर बोगी म्हणजे डब्याखालची, दोन आसांची आणि चार चाकांची फिरती चौकट. अमेरिकन लोक तिला ट्रक म्हणतात आणि किटच्या कागदावर तोच शब्द असतो. पुढे मी बोगी म्हणेन तेव्हा ती चौकट समजा.

पेटी उघडली की स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लागून येतात तिच्यावरून, एकही भाग तोडू नका. कागद वाचा, प्रत्येक भाग कुठला ते ओळखा, आणि एका ताटात पांढरा रुमाल अंथरून त्यावर सगळं मांडा. रुमालावर पडलेला भाग घरंगळत नाही आणि शोधायला सोपा जातो. ॲक्युरेलच्या किटात बॉडी अखंड येते, रंगवलेली आणि अक्षरं छापलेली, आणि शिड्या व हाताने धरायच्या कड्या बॉडीसोबतच ओतलेल्या असतात. त्यामुळे नवशिक्याने हेच किट घ्यावं असं मी सांगत आलोय. मेहुण्यांनी निवड चांगली केली.

आता चाकं. अशा बोग्या बहुधा ॲसिटल नावाच्या, जरा गुळगुळीत, मेणचट लागणाऱ्या प्लास्टिकच्या असतात. या प्लास्टिकला मॉडेलचा कुठलाच सॉल्व्हंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद) चिकटत नाही आणि ते बरंच आहे, कारण तिथे चिकटवायचं काहीच नसतं. आसाची दोन्ही टोकं सुईसारखी टोकदार असतात आणि बोगीच्या आतल्या शंकूच्या आकाराच्या खळग्यात टेकतात. एवढ्याशा टोकावर सगळा भार, म्हणून घर्षण कमी. बोगीच्या दोन बाजू अलगद फाकवून आस बसवा, बोगी हातात आडवी धरा आणि चाकाला बोटाने हलकी टिचकी द्या. चाक फिरत राहून हळूहळू थांबलं पाहिजे. टिचकीसरशी थबकलं तर खळग्यात प्लास्टिकचा कण अडकलाय किंवा आस लांब पडतोय. कण लाकडी टूथपिकने निघतो. खळगाच खडबडीत असेल तर ट्रक ट्यूनर नावाचं एक छोटं अवजार मिळतं, ते आत घालून चार-पाच वेळा फिरवलं की खळगा गुळगुळीत होतो. तेल मात्र घालू नका. तेल धूळ धरतं आणि महिन्याभरात तिथे काळा चिखल होतो. अगदीच गरज भासली तर ग्राफाइटची चिमूटभर पूड पुरते.

चाकं मोकळी फिरतात म्हणून काम झालं असं नाही. एका आसावरच्या दोन चाकांमधलं अंतर बरोबर आहे का, ते बघायला हवं. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने, जी १९३५ साली मिलवॉकीत स्थापन झाली, यासाठी एक पत्र्याचा गेज, म्हणजे माप ताडून बघायचा नमुना, काढलाय. तो या छंदातला सगळ्यात उपयोगी पत्रा आहे. चाकांच्या कडा त्याच्या खाचांत नीट बसल्या पाहिजेत. अंतर कमी-जास्त असेल तर चाक बोटांत धरून, पिळत पिळत आसावर किंचित सरकवायचं. नुसतं ओढलं तर ते तिरकं बसतं आणि मग वाघीण डुलत चालते. तुमच्या वळणावरच्या अपघाताचं पहिलं संशयित मी या चाकांनाच धरतो. चारही आस तपासा, एक ठीक निघाला म्हणून बाकीचे गृहीत धरू नका.

दुसरा संशयित म्हणजे वजन. एनएमआरएची शिफारस अशी: एचओ वाघिणीला मूळ १ औंस, अधिक बॉडीच्या दर इंच लांबीमागे अर्धा औंस. आपल्या मापात सांगायचं तर २८ ग्रॅम, अधिक दर सेंटिमीटरला साधारण साडेपाच ग्रॅम. ४० फुटी बॉक्सकारची बॉडी १४ सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे तयार वाघीण १०५ ते ११० ग्रॅम व्हायला हवी. किटमध्ये पोलादाची पट्टी येते, पण ती लावूनही काटा पुष्कळदा या आकड्याच्या खालीच थांबतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर बॉडी, तळ, पट्टी, बोग्या, सगळं न चिकटवता ठेवा आणि किती कमी पडतंय ते आत्ताच बघा. कमी पडणारं वजन लोखंडी नट किंवा वॉशरने भरा, आणि ते दोन्ही बोग्यांवर सारखं वाटून, जमेल तितकं तळाशी बसवा. वजन छताजवळ गेलं की वाघीण वळणावर कलते.

शिशाचे छर्रे फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात कोणी सुचवले तर ऐकू नका. शिसं आणि तो गोंद यांची हळूहळू रासायनिक क्रिया होते, मिश्रण फुगतं आणि काही वर्षांनी बॉडी आतून फुटते. शिवाय शिसं विषारी, घरात लहान मुलं असतील तर ते नकोच.

पट्टी चिकटवायचीही एक रीत आहे. पोलादावर गंज चढू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. तो पुसून, पट्टी पॉलिश पेपरने जरा खरखरीत करून, अरल्डाइटचे तीन-चार ठिपके देऊन बसवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. मी माझ्या पहिल्या वाघिणीत पट्टी घाईघाईत सॉल्व्हंटवाल्या गोंदाने चिकटवली, लगेच बॉडी बसवली आणि बॉडी-तळाचा जोडही चिकटवून टाकला. आतली वाफ बाहेर पडायला जागाच उरली नाही. आठवड्याभरात तळ केळीच्या पानासारखा वाकला, आणि पुढे दोन महिन्यांत पट्टी सुटून आत खडखडायला लागली. उघडायला गेलो तर कोपरा तुटला. ती वाघीण मी अजून ठेवलीय, आणि घरी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधी तीच देतो. तेव्हापासून बॉडी आणि तळ मी कधीच कायमचे जोडत नाही. बॉडी नुसती दाबून घट्ट बसत असेल तर तशीच ठेवतो. सैल असेल तर आतल्या दोन कोपऱ्यांत कॅनोपी ग्लूचा टिपका, जो पुढे नखाने सुटतो.

आता तळ उलटा करून बोग्या लावा, आणि इथे वळणावर उतरण्याचा तिसरा संशयित सापडेल. तुम्ही दोन्ही स्क्रू सारखेच कसले असतील. देवघरातला चौरंग आठवा. फरशी जरा उंचसखल असली की त्याचा एक पाय अधांतरी राहतो आणि तो डुगडुगतो. तिवई मात्र कुठेही ठेवा, तिचे तिन्ही पाय टेकतातच. वाघिणीलाही तिवईसारखं उभं करायचं. एका बोगीचा स्क्रू इतपत कसा की बोगी डावी-उजवीकडे मोकळी वळेल पण कलणार नाही. दुसऱ्या बोगीचा स्क्रू त्यापेक्षा पाव-अर्धा फेरा सैल, म्हणजे ती वळेलही आणि थोडी कलेलही. आता रूळ कुठे मिलिमीटरभर वर-खाली असला तरी आठही चाकं रुळावर टेकलेली राहतील. या अर्ध्या फेऱ्याने सुधारलेल्या वाघिणी मी डझनांनी पाहिल्या आहेत. स्क्रूऐवजी दाबून बसवायची पिन असेल तर ती एका बोगीला किंचित सैल ठेवा, परिणाम तोच.

आणि मग कपलर. गाडी मध्येच सुटते याचं कारण दहातल्या नऊ वेळा इथे असतं: शेजारच्या दोन कपलरांची उंची जुळत नाही. एचओमध्ये कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून सुमारे ९.९ मिलिमीटरवर हवा. हे डोळ्यांनी ठरत नाही. केडी कंपनीचा २०५ नंबरचा गेज रुळावर ठेवायचा आणि वाघीण त्याला नेऊन भिडवायची. गेजवरच्या आणि वाघिणीच्या कपलरचे पंजे एका पातळीत आले तर उत्तम. तुमचा कपलर खाली पडत असेल तर बोगी आणि तळ यांच्यामध्ये पातळ फायबर वॉशर घाला. केडीचे राखाडी वॉशर पाव मिलिमीटरचे आणि लाल त्याहून जरा जाड, ०.३८ मिलिमीटरचे असतात. कपलर वर जात असेल तर तळावरचा, बोगी जिथे टेकते तो उंचवटा कानशीने थोडा थोडा उतरवा. दर दोन घासांनंतर गेजला लावून बघा, कारण उतरवलेलं प्लास्टिक परत येत नाही.

कपलरच्या खाली लोंबणारी वाकडी तार असते, ती ट्रिप पिन. खऱ्या गाडीतल्या ब्रेकच्या हवेच्या नळीसारखी ती दिसते आणि रुळांमधल्या चुंबकावरून जाताना कपलर उघडण्याचं काम करते. ती रुळाच्या माथ्याच्या सुमारे पाऊण मिलिमीटर वर हवी. तीच खाली आली तर सांध्यावर (गाडी जिथे एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे) आपटते आणि वाघीण उडते. तुमची वाघीण वळणाबरोबर सांध्यावरही उतरत असेल तर आधी ही तार बघा. पक्कडने वाकवताना कपलरचा दांडा दुसऱ्या पक्कडने धरा, नाहीतर सगळा जोर कपलर ज्यात बसतो त्या नाजूक पेटीवर येतो.

किटमधला प्लास्टिकचा कपलर ठेवायचा की बदलायचा? चार-पाच डब्यांची गाडी घरात फिरवायची असेल तर तो पुरेसा आहे. मी सगळीकडे केडीचे धातूचे १४८ नंबरचे बसवतो, कारण दांड्यालाच दोन बारीक स्प्रिंग-मिश्या असतात आणि त्याच त्याला मधोमध आणतात. कुठलाही घ्या, पण बसवण्याआधी पेटीच्या आतून ब्लेड फिरवा. साच्याच्या सांध्यावर प्लास्टिकची पापुद्र्यासारखी कड राहिलेली असते आणि कपलर तिथेच अडतो. पेटी बंद केल्यावर कपलर बोटाने एका बाजूला सरकवून सोडा. तो आपणहून मध्यावर परतला पाहिजे. जिथल्या तिथे राहिला तर तो वळणावर बोगीला ओढून खाली पाडणार. पुष्कळ किटांत पेटीचं झाकण नुसतं दाबून बसतं. गाडी लांब झाली की तेही ओढीने सुटू शकतं. हात बसल्यावर तिथे भोक पाडून, आटे घालून, बारीक स्क्रू टाका. आत्ता नको, आत्ता फक्त लक्ष ठेवा.

इतकं झालं की थांबा. बॉडी नुसती ठेवून वाघीण रुळावर आणा. तुमच्याकडचं सगळ्यात तीव्र वळण बहुधा १८ इंच त्रिज्येचं असेल, ४० फुटी वाघिणीला ते मुळीच अवघड नाही. इंजिनाला मागे जोडून, वाघीण पुढे ढकलत त्या वळणावरून न्या, मग सांध्यांवरून, मग दोन्ही दिशांनी पुन्हा. ओढताना झाकले जाणारे दोष ढकलताना उघडे पडतात. वीस फेऱ्यांत एकदाही उतरली नाही तरच पुढच्या कामाला लागा. हे वीस फेऱ्यांचं पथ्य मी इतक्या वर्षांनी, इतक्या वाघिणींनंतरही मोडत नाही.

पुढचं काम म्हणजे सगळी मजा. स्प्रूवरून भाग तोडताना हाताने पिळू नका. छोट्या कटरची सपाट बाजू भागाकडे ठेवून जरा लांबून कापा, मग उरलेला खुंट धारदार ब्लेडने आणि शेवटी ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करा. चिमट्यात धरलेला भाग उडतोच. मी ब्रेकचं चाक कापताना कटर, भाग आणि दोन्ही हात एका मोठ्या पारदर्शक पिशवीत घालतो. दिसायला विचित्र वाटेल, पण ते इवलंसं चाक शोधत जमिनीवर ओणवं व्हावं लागत नाही.

पॉलिस्टायरीनला (किटच्या नेहमीच्या कडक प्लास्टिकला) पॉलिस्टायरीन जोडायला पातळ सॉल्व्हंट वापरा, टॅमियाची हिरव्या झाकणाची बाटली आता आपल्याकडेही मिळते. हा गोंद लावून भाग चिकटवायचा नसतो. भाग आधी कोरडाच जागेवर बसवायचा आणि ब्रशचं टोक फक्त सांध्याला टेकवायचं. थेंब आपणहून फटीत ओढला जातो, प्लास्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. पसरून लावला तर रंग उठतो आणि बोटाचा ठसा कायमचा राहतो. फेव्हिक्विक फक्त धातू-प्लास्टिकच्या जोडाला, तेही टाचणीच्या टोकाने. त्याची वाफ आसपासच्या गडद रंगावर पांढरट पापुद्रा सोडते. खिडकी उघडी ठेवून काम करा, दोन्ही गोंदांची वाफ छातीत जायला नको.

खालच्या ब्रेकच्या भागांत मात्र घाई करू नका, मला या कामात सगळ्यात जास्त आनंद तिथेच मिळतो. तीन तुकडे मिळतील: सिलिंडर, हवेची टाकी आणि झडप. ही एबी पद्धतीची ब्रेक, अमेरिकेत १९३३ पासून नव्या मालवाघिणींवर आली. त्याआधीची के पद्धत १९५३ नंतर एका कंपनीच्या रुळावरून दुसऱ्या कंपनीकडे जाणाऱ्या वाघिणींवर चालेनाशी झाली. सिलिंडरचा दांडा कुठल्या टोकाकडे असावा, यावर नवशिके अडतात. ब्रेकचं हातचाक ज्या टोकाला असतं ते बी टोक, आणि सिलिंडरचा दांडा त्याच्याच दिशेने बाहेर येतो. म्हणून तळ बॉडीत बसवण्याआधी दोन्हींची दिशा जुळवा. उलट बसला तर गाडी चालेल, पण एकदा कळल्यावर ते डोळ्यांत खुपत राहतं.

छतावरच्या फळीचंही असंच. त्या फळीवरून ब्रेकवाले चालत्या गाडीत एका डब्यावरून दुसऱ्यावर जायचे. अमेरिकेत १९६६ पासून नव्या बॉक्सकारना ती लावणं बंद झालं आणि जुन्यांवरूनही हळूहळू काढली गेली. तुमच्या वाघिणीच्या बाजूवर बारीक अक्षरांत बांधणीचं साल छापलेलं असेल. भिंग घेऊन ते वाचा, शेजारी रिकाम्या वाघिणीचं वजन आणि भारमर्यादा पौंडांत दिसेल. ते साल १९४० किंवा १९५० च्या दशकातलं असेल तर फळी हवीच.

तुम्ही शेवटी विचारलंय की भारतीय मालगाडीचं काही करता येईल का. आवड समजू शकतो, पण मापाची अडचण आहे. एचओ म्हणजे १:८७, त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद, आणि ते अमेरिका-युरोपच्या १४३५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांशी जुळतात. आपला ब्रॉडगेज १६७६ चा, तो या मापात १९.३ मिलिमीटर होईल. बहुतेक जण ती तफावत मान्य करून १६.५ वरच भारतीय गाड्या चालवतात, आणि त्यात गैर काही नाही. आधी या अमेरिकन दोन नीट चालू द्या. मधल्या काळात पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून या. गाड्या बघालच, पण त्यांचे कपलर आणि चाकं वाकून बघा.

रंग मळकट करायचा असेल तर चित्रकलेच्या कोरड्या पेस्टलची काडी पॉलिश पेपरवर घासून पूड करा आणि मऊ ब्रशने लावा, तपकिरी बोग्यांना आणि राखाडी छताला. नाही आवडली तर ओल्या फडक्याने पुसून टाका. मॅट वार्निशचा फवारा मात्र पावसाळ्यात अजिबात नको. दमट हवेत ते पांढरं पडतं आणि सगळी अक्षरं धुक्यात गेल्यासारखी दिसतात. दिवाळीनंतरची कोरडी दुपार बघून मारा.

दुसरी पेटी उघडण्याआधी पहिल्या वाघिणीवर अर्धा तास घालवा. तिची बॉडी चिकटवलेली नसेल तर वजन करा, चारही आस गेजला लावा, एक बोगी सैल करा आणि दोन्ही टोकांच्या कपलरची उंची बघा. गेज मागवायचा असेल तर तोवर तुमच्याकडची सगळ्यात चांगली चालणारी वाघीण शेजारी उभी करून तिच्याशी पंजा ताडून बघा. काटा किती ग्रॅम दाखवतो आणि कुठल्या टोकाचा कपलर किती खाली आहे, एवढं मला कळवा. वॉशर किती घालायचे ते लगेच सांगता येईल.